परसात कुणाकुणाला बोलवावं

तोंडवली,
कोजागरीनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप सुनीतीआत्या हिला भार्गवीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. लिहायला बसण्याआधी विजयदुर्गाकडे तोंड करून केला आहे. दिशा सर्वेशदादाच्या मोबाइलवर बघून घेतली, कारण अंदाजाने केलेला नमस्कार देवगडलाच उतरला असता आणि तिथे आपलं कोणी नाही.)

तुला 'तू' लिहिते आहे, त्याचा आधी खुलासा करते. मी शाळेत जायला लागण्यापूर्वी मागच्या पडवीत तू मला अक्षरं शिकवायचीस, तेव्हा पाटीसमोर तू 'बाई' असायचीस आणि तुला 'तुम्ही' म्हणावं लागे. पाटी पुसून झाली की तू पुन्हा आत्या व्हायचीस आणि 'तू' चालत असे. हे पत्र पाटी पुसल्यानंतरचं समज. मात्र मध्ये एक प्रश्न विचारला आहे, तेवढ्यापुरती कृपा करून पुन्हा बाई हो.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'बरा' एवढंच लिहिलं होतंस. तो आधीपेक्षा बरा, की तळेऱ्याला गाडी बदलताना धावता येईल इतका बरा, हे कळलं नाही, आणि त्यावर मी बराच विचार केला. काकांचा खोकला गेला असेल. गेला नसेल तर अडुळशाची पानं पाठवते. (अडुळसा परसाच्या दगडी गडग्याच्या बाहेर आहे, म्हणून पाठवता येईल. आतला असता तर आली नसती. का, ते पुढे येईलच.) इकडे बाबा, दादा, दीपिकावहिनी सगळे खुशाल आहेत. मी खुशाल आहे की नाही हे तू पत्र वाचून ठरव.

आता प्रश्न. आपल्याला एक गोष्ट खरी ठाऊक आहे. बाकीच्यांनी आपणहून भलतीच गोष्ट खरी धरली आहे. आपण त्यांना तसं सांगितलं नाही, पण 'तसं नाही' असंही सांगितलं नाही, आणि त्यांच्या चुकीने आपलंच भलं होतं आहे. तर हे गप्प बसणं खोटं बोलण्यात मोडतं का? खोटं बोलू नये हे तू मला 'अ'च्या आधी शिकवलंस. पण न बोलता खोटं होता येतं का, हा धडा यायच्या आत माझं नाव शाळेत घातलं आणि तो राहून गेला. आत्या, मी गप्प आहे म्हणून आपलं मागचं परसू आज शाबूत आहे. मी तोंड उघडलं तर दिवाळीआधी त्यावर पेव्हर ब्लॉक बसतील. सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे निवाडा देताना तुला काही कमी पडू नये.

सर्वेशदादा मुंबईची नोकरी सोडून आला आणि पुढच्या दोन खोल्या त्याने पर्यटकांसाठी काढल्या, हे तुला माहीत आहेच. पाहुणे येतात, पण ते गाड्या घेऊन येतात आणि गाड्या उभ्या राहतात समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीत. रापणीची माणसं जाळं खांद्यावर घेऊन त्या वाटेने जातात. त्यांनी गाड्यांना, गाडीवाल्यांना आणि शेवटी आपल्या घराण्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. (त्यातले काही शब्द तू मला शिकवलेही नव्हतेस.) म्हणून दादाचं म्हणणं, की मागचं परसू सपाट करून ब्लॉक घालू, चार गाड्या आरामात राहतील. त्याचं म्हणणं चुकीचं नाही आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. माणूस चुकीचं बोलत असला की निदान शांत झोप तरी लागते.

मी बाबांना म्हटलं, परसू ठेवा. बाबा म्हणाले, "कित्याक?" परसू असतं म्हणून असतं, एवढंच उत्तर मला येत होतं. मग बाबांनीच तोड काढली. पावसाळाभर परसू माझ्याकडे. भाजी किडीशिवाय आली पाहिजे, औषध फवारायचं नाही, आणि मागच्या पडवीत पाहुण्यांना डासांशिवाय बसता आलं पाहिजे. "परसू कामाचा आसा ता दाखय, मगे ऱ्हवात. नायतर सर्वेश काय ता करूंदे." दादा हसला. मला वाटतं त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण मी खात्री देत नाही.

मी परसबागेच्या एका शिबिराला जाऊन आले. तिथल्या बाईंनी सांगितलं, झाडं निवडताना आधी झाडाचा विचार करायचा नाही. आपल्या कामाचं कोण कोण परसात यायला हवं ते आधी ठरवायचं, मग त्यांना काय आवडतं ते बघायचं, आणि ते लावायचं. मधमाशा आल्या तर दुधी-पडवळाला फळ धरतं. किडे खाणारे किडे आले तर भाजी वाचते. बेडूक आणि चतुर आले तर डास कमी होतात. म्हणजे बाग करणं नव्हेच हे, हे आमंत्रण करणं. हे ऐकून मला धीर आला, कारण आमंत्रणं कशी करावीत हे आपल्या घरात सगळ्यांना येतं. घरी येऊन विचार करायला लागले तेव्हा धीर गेला. टिपके असलेला तो छोटा लाल किडा भाजीवरची मावा कीड खातो. म्हणजे त्याला जेवायला बोलवायचं तर आधी परसात मावा हवा. चतुराला डास लागतात. डास घालवण्यासाठी ज्याला बोलवायचं त्याच्यासाठी डास राखून ठेवायचे, हे बाबांना कसं सांगणार? आणि ज्याला जेवायला बोलवलं त्याने नेमकं आपल्याला नको तेवढंच खावं, अशी अट पाहुण्याला घालणं शोभतं का? मी शिबिराच्या बाईंना फोन करून हे विचारलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही झेंडूपासून सुरुवात करा.

म्हणून झेंडूपासून केली. मालवणच्या बाजारातून चांगले मोठे, गच्च भरलेले, नारळाएवढे (नारळाएवढे नाही, लिंबाएवढे, पत्र लिहिताना हात वाहवतो) झेंडू आणून लावले. मधमाशा आल्या, फुलाभोवती फिरल्या, वरून चालल्या, आत शिरायला जागाच मिळेना, आणि दार न सापडलेल्या पाहुण्यांसारख्या परत गेल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की अशा भरगच्च फुलात माशीला काही मिळत नाही. आपल्याकडे पूर्वी असायचा तो साधा, एकेरी पाकळ्यांचा गोंडा हवा. मी सगळे मोठे झेंडू काढले. काढताना त्यांचा काय दोष होता असं वाटून ते शेजारच्या हौसाबाईंना नेऊन दिले. त्यांनी ते दसऱ्याला दाराला लावले आणि सगळीकडे सांगितलं, की भार्गवीने मला फुलं दिली, तिचं आता लग्नाचं मनात आलेलं दिसतं. याचा आणि त्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

कोथिंबीर फुलू द्यायची, असं बाईंनी सांगितलं होतं. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मावा खाणारे किडे येतात. पण घरात कोथिंबीर फुलू देणं किती अवघड आहे हे त्या बाईंना माहीत नसावं. माशाच्या तिखल्यात घालायला म्हणून वहिनी रोज सकाळी शेंडे खुडायची आणि मी रोज दुपारी जाऊन उरलेल्या काड्यांची माफी मागायची. शेवटी मी एक वाफा दोरीने बांधला. वहिनी दोरीपाशी उभी राहून म्हणाली, "गो भार्गवी, ह्या कोथमिरीक फुला इली. आता ही आमटीत घालू की देवाक व्हावू?" मी म्हटलं, ही किड्यांची आहे. त्यावर तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की या घरात लग्न होऊन आल्यापासून मला एक वाफा कोणी बांधून दिला नाही, आणि किड्यांना मिळाला. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिच्यासाठीही एक वाफा दोरीने बांधला. तो अजून रिकामा आहे, पण दोरी आहे.

जास्वंदीवरून बाबांशी प्रसंग आला. लाल एकेरी जास्वंद शिंजीर पक्ष्यासाठी लावली. तो चोचीने मध पिता पिता पानांवरचे बारीक किडे वेचून पिलांना नेतो. पण तो उन्हं आल्यावर येतो आणि बाबा परडी घेऊन त्याच्या आधी येतात. मी बाबांना सुचवलं, की अर्धी फुलं देवाला आणि अर्धी पक्ष्याला. बाबा म्हणाले, देवाक अर्धा सांगणारी तू पयलीच. मग त्यांनी गडग्याकडची अर्धी सोडली. देवाच्या वाटची फुलं आपण कमी केली, या विचाराने मी चतुर्थीपर्यंत देवाला नमस्कार करताना थोडी बाजूला उभी राहत होते.

लिंबाच्या झाडाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण लिंबाचं झाड आता थोडकंच आहे. फुलपाखरं फुलांवर परागाचं काम करतात म्हणून मी त्यांना बोलावलं. ती आली, आणि लिंबावर अंडी घालून गेली. त्यातून पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे सुरवंट निघाले आणि त्यांनी पानं खाल्ली. मी त्यांना काढू शकले नाही. आईबापांना आपणच बोलवायचं आणि पोरांना हाकलायचं, हे कोणत्या तोंडाने करणार? सुरवंटांची फुलपाखरं झाली. एक तर माझ्या डोळ्यांसमोर पंख वाळवून उडालं आणि सरळ शेजारच्या आवाठातल्या घरांकडे गेलं.

बेडकांसाठी मी गुरांच्या पाण्याची जुनी दगडी डोण परसात ओढून घेतली, पाण्यात गप्पी मासे सोडले, कडेला अळू आणि सोनटक्का लावला. बेडूक आले. आत्या, डास खरोखरच कमी झाले, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण बेडूक रात्रभर ओरडत. पुण्याच्या एका कुटुंबाने मोबाइलवर दादाच्या खोल्यांना एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'डास नाहीत, झोपही नाही.' त्यातलं पहिलं वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. दादाने दुसरं एकदाच वाचून दाखवलं, पण मोठ्याने.

मग कुंभारीण आली. ती बारीक कमरेची, मातीचं घर करणारी गांधीलमाशी. तिला मी खास बोलावलं नव्हतं, पण ती अळ्या पकडून घरात भरते, म्हणजे आपल्या कामाचीच. तिने घर बांधायला जागा निवडली ती दादाच्या दुसऱ्या खोलीच्या कुलपाचं भोक. पाहुणे समुद्रावर गेले होते. तेवढ्यात तिने माती आणली, अळ्या भरल्या, अंडं घातलं, तोंड लिंपून टाकलं. पाहुणे ओल्या कपड्यांनी परत आले आणि किल्ली आत जाईना. दादा सुई घेऊन बसला. मी तिथे उभी राहून त्याला म्हटलं, जरा हळू, आत पिल्लू आहे. आत्या, मी हे बोलायला नको होतं. दादाने सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, आणि ओल्या कपड्यांतल्या बाईंनीही बघितलं. कुलूप तोडावं लागलं.

त्याच संध्याकाळी बाबा दादाला म्हणाले, "बरा तर. घाल तुझे ते ब्लॉक." म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही म्हटलं नाही, कारण तोपर्यंत दुधीला फळ धरलं होतं, पडवळ लोंबत होतं, वांग्यांना कीड नव्हती, आणि हे सगळं बाबांना दिसत होतं. दिसत असून ज्याने ठरवलं त्याला आणखी काय दाखवणार? दुसऱ्या दिवशी ब्लॉकची गाडी आली आणि पुढच्या अंगणात ढीग पडला. जेसीबी शनिवारी येणार होता.

शुक्रवारी सकाळी वहिनी कढीपत्ता आणायला परसात गेली आणि ओरडली. आम्ही सगळे धावलो. परसाच्या कोपऱ्यात जो दगड आहे, जिथे आपण दरवर्षी कापणी आटपली की जागेच्या राखणदाराला नारळ आणि कोंबड्याची राखण देतो, त्या दगडावर ऊन खात एक लांबलचक साप पडला होता. इतका लांब, की दगड संपला तरी तो संपला नव्हता.

आत्या, ती धामण होती. पिवळट अंग, मोठे डोळे, ओठांवर काळ्या रेघा. शिबिरात चित्र दाखवलं होतं. विष नाही, कोणाच्या वाटेला जात नाही, आणि उंदीर खाते. उंदीर कुठून आले तेही मला ठाऊक होतं, कारण ते मीच आणले होते. पाली, भुंगेरे आणि सरड्यांना आसरा म्हणून मी त्या दगडामागेच नारळाच्या सोडणांचा आणि काटक्यांचा ढीग रचला होता, आणि त्यात पाली येण्याआधी उंदीर आले. उंदरांमागून ती आली. (रातराणी मी मुद्दाम लावली नव्हती. तिच्या वासाने साप येतात असं लोक म्हणतात. साप येत नाहीत, पण सांगायला लोक येतात.) थोडक्यात, जिला बोलवायला हवं होतं पण बोलवायची छाती झाली नसती, ती आपणहून आली होती. मी हे सांगायला तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात बाबांनी चपला काढल्या.

त्यांनी बराच वेळ त्या दगडाकडे बघितलं, हात जोडले आणि वहिनीला म्हणाले, दाजींना बोलव. आपल्या वाडीतली देवापुढची गाऱ्हाणी दाजीच घालतात हे तुला माहीत आहे. दाजी आले तोपर्यंत ती निघून गेली होती, पण दाजींनी बाबांच्या उघड्या पायांकडे बघितलं आणि त्यांना तेवढं पुरलं. म्हणाले, "शंभर वर्सां जागो राखल्यान तेना. आज दर्शन दिल्यान म्हणजे कायतरी सांगूचा आसा." मग नारळ आला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या लेकरांच्या हातून तुझ्या जाग्यात कायेक कमीजास्त होवचा होता, ता आता होवचा नाय रे म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा. "कोणी लोखांडाचो हत्ती घेवन येयत, तर तेका वाटेतसूनच परत धाड रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा, असं दादाही म्हणाला. जेसीबीबद्दल आहे हे त्याच्या लक्षात येईपर्यंत म्हणून झालं होतं.

आणि आत्या, मीही म्हटलं. हात जोडून, मोठ्याने. प्रत्येक वेळी.

मग दादाने दाजींना बाजूला घेऊन विचारलं, "दाजीनू, तेका दुसरी जागा दिली तर? माडाखाली चांगली जागा आसा." दाजी म्हणाले, "तुका कोणी सांगल्यान, घर सोड आणि एस्टी स्टँडार ऱ्हव, तर ऱ्हवशीत?" दादाने जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. ब्लॉकचा ढीग अजून पुढच्या अंगणातच आहे आणि त्यावर वहिनी पापड वाळत घालते.

म्हणजे परसू वाचलं. पण दाजी जाताना सांगून गेले, की आता या जागेत चपला, अवजारं, खणणं, तोडणं नको, आणि रोज दिवा दाखवायला बाबा सोडून कोणी आत जायचं नाही. त्यामुळे ज्या परसासाठी मी हे सगळं केलं त्यात मला जाता येत नाही. पाऊस गेला आहे. दुधी जून होतो आहे. मी गडग्याबाहेर उभी राहून तांब्याने आत पाणी फेकते. ते जास्वंदीपर्यंत पोचतं, वांग्यांपर्यंत पोचत नाही. काल धामण वांग्यांमधून गेली आणि मी बाहेरून तिला म्हटलं, की बघ जरा त्यांच्याकडे. (बोलले ते धामणीशी. राखणदाराशी बोलले असते तर ते वेगळं झालं असतं.)

रोज संध्याकाळी बाबा दिवा घेऊन आत जातात आणि मी बाहेर हात जोडते. वहिनीने तर नवस केला आहे. कशाचा ते सांगत नाही. आणि मला ठाऊक आहे, की ती सोडणांच्या ढिगात राहणारी, उंदीर खाणारी धामण आहे. राखणदार नाही असं मी म्हणत नाही. तो आहे की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्याबद्दल बोलू नये हेही तूच शिकवलंस. पण ही धामण म्हणजे तो नव्हे. हे बोलले तर बाबा दाजींसमोर खाली बघतील आणि दादा शनिवारी जेसीबी आणील. नाही बोलले तर मी बापाला रोज एका धामणीसमोर हात जोडायला लावते आहे. तर बाई म्हणून सांग, गप्प बसणं हे खोटं आहे का? तू कापणीनंतर राखणीला येशीलच, पण तोवर माझ्याने थांबवत नाही. जे असेल ते स्पष्ट लिही. तू म्हणशील तसं करीन.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी आज्ञाधारक
भार्गवी

ता. क. येताना तुझ्या दारातल्या एकेरी गोंड्याचं बी मूठभर आण. इकडे आता मिळत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र काल लिहून झालं. आज पाकीट चिकटवण्याआधी माझ्याने राहवेना, आणि बाबा पडवीत माडाच्या चुडतांचे झाडूसाठी हीर काढत बसले होते तिथे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. ढीग, उंदीर, ओठांवरच्या काळ्या रेघा, सगळं. बाबांनी हातातलं चुडत पुरं केलं. मग म्हणाले, "धामण ती. माका काय दिसणा नाय?" मी म्हटलं, मगे गाऱ्हाणा कित्याक घालूक लावलास? ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सर्वेशाक एकदा व्हय म्हटलंय. आता नाय खंयच्या तोंडान सांगू? मुंबय सोडून इलो तो. बापाशीन शब्द मोडलो तर जल्मभर मनात ठेयत. देवान नाय म्हटला तर दोन दिस रुसात आणि तिसऱ्या दिसाक नारळ ठेयत." मग पुन्हा हीर काढायला लागले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "दुधी बरो धरलो हा गो." मी त्यांच्यापुढे दुसरं चुडत सरकवलं. पुढच्या गाऱ्हाण्यात ते दाजींकडून 'घरातल्या एका चेडवाक पाणी घालूची मुभा' असं म्हणवून घेणार आहेत, म्हणजे मला आत जाता येईल. दाजींनाही हे ठाऊक आहे का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही ते ठाऊक झालं असतं, आणि मला आधीच पुष्कळ ठाऊक आहे.

तेव्हा वर मागितलेला निवाडा देऊ नकोस. तो दिलास तर आता बाबांनाही लागू पडेल, आणि ते तुझे धाकटे भाऊ आहेत. वरचं खोडणार होते, पण लिहिलं तेव्हा ते खरं होतं म्हणून ठेवलं.

ता. क. तिसरा. पाकीट पुन्हा उघडलं. दादाला शंका आली आहे. त्याने त्या दिवशी मोबाइलवर काढलेलं चित्रण कणकवलीच्या कोणा मित्राला पाठवलं आणि त्याने काहीतरी कळवलं. दादा जेवताना म्हणाला, की दाजी काय, बाबा काय, कोणाचं मला सांगू नका, राखणीला आली की मी आत्येला विचारतो, ती मेली तरी खोटं बोलणार नाही. तू काय ते सांगशील तसं तो करणार आहे. रापणीच्या वाटेतल्या गाड्यांचं म्हणशील तर त्याची सोय मी बघून ठेवली आहे. हौसाबाईंचं खळं बाराही महिने मोकळं असतं आणि फुलं दिल्यापासून त्या मला नाही म्हणत नाहीत. ब्लॉक तिथे लागतील.

तू इथेच वाढलीस. तुझ्या लहानपणीही या परसात उंदीर असणार आणि त्यांच्यामागून साप, म्हणजे आपल्या भाषेत लांबडी, येत असणार. तेव्हा दादाने विचारलं, की तू फक्त एवढंच म्हण: "माझ्या लहानपणीसुद्धा त्या दगडावर असंच लांबडं येऊन बसायचं." म्हणून झाल्यावर क्षणभर डोळे मिट. तुझा गुडघा दुखत असतोच, त्यामुळे ते मिटणंही खरंच होईल. यात एकही अक्षर खोटं नाही, मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. पुढचं वाक्य सर्वेशदादा स्वतःच पूर्ण करील.